धुतलेला लोहकीस

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक स्वयंपाकघर होतं. नेरूळला तेव्हा नव्या बैठ्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. त्यातली शेजारशेजारची दोन घरं भाड्याने घेऊन आमच्या संस्थेने शाळा थाटली होती. पलीकडच्या घरात पाचवी आणि सहावी, अलीकडच्या घराच्या हॉलमध्ये सातवी, आतल्या खोलीत ऑफिस. सातवीच्या मागच्या स्वयंपाकघरात, कडाप्प्याच्या ओट्यावर, विज्ञान. ओट्याखाली जिथे सिलिंडर ठेवायचा तिथे आम्ही तुरटी, मोरचूद आणि खायचा सोडा ठेवत असू. खिडकीच्या कट्ट्यावर चार परीक्षानळ्या होत्या, त्यातली एक तडकलेली. मुख्याध्यापक मात्र पालकांना घेऊन यायचे आणि दारात थांबून भारदस्त आवाजात सांगायचे, "आणि ही आमची प्रयोगशाळा." पालक आत डोकावायचे आणि नळ वाहतोय का ते बघायचे.

हा काळ ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी चोवीस वर्षांची होते, मराठवाड्यातल्या एका गावातून बी.एस्सी., बी.एड. करून आले होते आणि वाशीला भावाच्या घरी राहत होते. भाऊ एका कचेरीत कारकून होता. सकाळी बुद्धवंदना झाली की वहिनीच्या हातचा डबा घेऊन मी नेरूळची बस धरायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मुलगी मीच. वडिलांनी त्यासाठी गावात काय काय ऐकून घेतलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे खडू हातात घेतला की मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायचं. शिवाय स्वभाव तापट. वर्गात कुणी पोपटपंची केली की माझं डोकं फिरायचं.

सातवीला मिश्रण आणि संयुग हा धडा होता. मी एकाला उभं करून विचारलं, संयुग म्हणजे काय? त्याने एका दमात सांगितलं, "दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून ठरावीक प्रमाणात तयार होणाऱ्या पदार्थास संयुग म्हणतात." मी म्हटलं, शाबास, पण म्हणजे काय? तो क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला, "म्हणजे बाई, दोन किंवा अधिक मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून..." मी खडू त्याच्या बाजूच्या भिंतीवर मारला. भिंतीवर मारायचे, पोरांवर कधी नाही, एवढं भान होतं.

वर्गातली निम्मी मुलं सारसोळ्याची होती. सारसोळे म्हणजे शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं मूळ गाव, खाडीकाठचं, मासेमारी करणारं. कुणाचे आजोबा मिठागरावर कामाला गेलेले. म्हणून मी म्हटलं, पुस्तक मिटा. खाडीचं पाणी वाफ्यात घेतलं, ऊन लागलं, पाणी उडून गेलं, खाली काय राहिलं? मीठ, सगळे ओरडले. म्हणजे मीठ आणि पाणी नुसते एकत्र राहत होते, उन्हाने ते वेगळे केले, मीठ मीठच राहिलं. हे मिश्रण. आता त्या मिठाला कितीही ऊन दाखवा. त्याच्या आत सोडियम आणि क्लोरीन आहेत, ते दोघे सुटे होतील का? नाही. दोघांचा मूळचा स्वभावच गेला, तिसराच पदार्थ झाला. हे संयुग.

माना हलल्या, पण चेहरे कोरेच. सोडियम आणि क्लोरीन कुणी पाहिले होते? मग मला चेव आला आणि मी म्हणाले, "असं बघा, लग्नाची बोलणी चालली आहेत तोवर ते मिश्रण. नाही पटलं तर नारळ परत, मुलगी आपल्या घरी, मुलगा त्याच्या घरी. लग्न लागलं की संयुग. मग गुण बदलतात, नावसुद्धा बदलतं, आणि सहजासहजी वेगळं करता येत नाही."

वर्ग खोखो हसला. मुलींच्या बाकावर तर लाटच उठली. त्या दिवसापासून मिश्रण आणि संयुग कुणी विसरलं नाही. उदाहरण गावात पोचलं, गावातून वाशीला आमच्या वहिनीपर्यंत आलं, आणि वहिनी माझ्यासाठी आलेली स्थळं "मिश्रणं" म्हणून मोजायला लागली. (पुढे मीही संयुगात गेले. आमच्या ह्यांना ती व्याख्या आजही मान्य नाही. ते म्हणतात, आपलं मिश्रणच आहे, तुझे गुण काडीचे बदललेले नाहीत.)

हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडलं ते आमच्या मावशींना. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई, सारसोळ्याच्या. झाडलोट, घंटा, पाणी, चहा, सगळं त्यांच्याकडे. घंटा म्हणजे दाराला टांगलेला रुळाचा तुकडा होता आणि मावशी तो अशा त्वेषाने वाजवायच्या की पलीकडच्या रांगेतली बाळं झोपेतून उठायची. त्यांना घाण सहन व्हायची नाही. फळा त्या ओल्या फडक्याने पुसायच्याच, वर हाताने चोळून बघायच्या. आमच्या डस्टरलासुद्धा महिन्यातून एकदा अंघोळ घडायची. त्यांची थोरली मुलगी माझ्या सातवीत होती. हुशार, पण बोलणं कमी, आणि बोलली की थेट.

त्या मुलीचं पुढे काय, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या शाळेत रोज घोळत होता. आमच्याकडे सातवीपर्यंतच परवानगी. आठवीसाठी वाशी गाठायला हवी, म्हणजे बसची वाट बघणं, गर्दी, संध्याकाळी परतताना मोकळ्या माळावरून चालत येणं. मुलगे जात. गावातल्या मुली मात्र सातवीला थांबत. मावशींचे यजमान काही वाईट माणूस नव्हते. खाडीत मासळी कमी व्हायला लागलेली, ते दिवसा बांधकामावर जात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इथे आठवी निघाली तर शिकू दे, नाहीतर शेजारच्या गावातून चांगलं स्थळ आलंय, शिमगा झाला की साखरपुडा करून ठेवू, लग्न पुढे बघू. बोलणी होऊन नारळसुद्धा घरात आला होता.

"मग तुम्हाला काय वाटतं?" मी एकदा मावशींना विचारलं.

"मना?" मावशी कपबश्या विसळत म्हणाल्या, "मना वाटतं, ती तुमच्यासारखी खुर्चीत बसून वरडली पायजे. मी उभी राहून वरडते, कोन आयकत नाय."

म्हणून आठवी. आमच्या हेडसरांनी आठवीच्या परवानगीसाठी अर्ज करून दोन वर्षं पाठपुरावा केला होता. सर रायगडच्या किनाऱ्यावरचे, घरी कोकणी बोलणारे मुसलमान, शुक्रवारी दुपारी शाळा माझ्या हवाली करून नमाजाला जाणारे, आणि मराठीचं व्याकरण आमच्या सगळ्यांपेक्षा कडक असणारे. एक दिवस ते ऑफिसातून जवळजवळ पळतच आले. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. सोमवारी. आठवीचा वर्ग चालवायची ऐपत शाळेत आहे का ते बघणार, आणि विशेषतः प्रयोगशाळा बघणार.

आम्ही दोघांनी एकाच वेळी ओट्याकडे बघितलं.

"बाई," सर म्हणाले, "खोली दाखवून काही व्हायचं नाही. प्रयोग दाखवा. असा प्रयोग दाखवा की त्यांचं लक्ष ओट्याकडे जाताच कामा नये."

मी लगेच ठरवलं, लोहकीस आणि गंधक. पुस्तकातला सगळ्यात देखणा प्रयोग तोच. काळा लोहकीस आणि पिवळं गंधक एकत्र करायचं, वरून लोहचुंबक फिरवलं की कीस उडून चिकटतो आणि गंधक खाली राहतं. झालं मिश्रण. मग तेच परीक्षानळीत तापवायचं. आतून लालभडक होतं, थंड झाल्यावर काळा खडा निघतो, आणि त्याला चुंबक लावलं तर तो ढिम्म हलत नाही. झालं संयुग. त्या खड्यात लोखंड आहे, पण ते आता चुंबकाला ओळख दाखवत नाही.

गंधक वाशीला काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. लोहकिसासाठी सर आणि मी कळंबोलीला गेलो. तिथे लोखंडाचा बाजार नुकता बसत होता, ट्रकांच्या रांगा, धूळ, आणि दोन ट्रकांच्या मध्ये चटई टाकून झोपलेले ड्रायव्हर. एका लेथवाल्याकडे यंत्राखाली किसाचा ढीगच पडला होता. शाळेसाठी पाहिजे म्हटल्यावर त्याने डालड्याचा रिकामा डबा गच्च भरून दिला आणि वर विचारलं, "सर, इसका स्कूल में क्या करोगे?" सरांनी त्याला तिथेच मिश्रण आणि संयुग समजावून सांगितलं. बिचारा हातातलं काम थांबवून ऐकत होता. सरांचा उत्साह बघून मला हसू आवरेना.

कीस मात्र तेलाने माखलेला होता, काळाकुट्ट, हाताला चिकटणारा. लेथवर तेल सोडतातच. मी शुक्रवारी चिमूटभर घेऊन प्रयोग करून बघितला. थोडा धूर झाला, वास सुटला, पण काम झालं. मी डबा ओट्यावर ठेवला, बाजूला गंधकाची पुडी ठेवली, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर निश्चिंत मनाने वाशीला गेले. रविवारी तर मी पाठाची तालीमसुद्धा केली, वहिनीला साहेब करून.

सोमवारी सकाळी लवकर शाळेत पोचले. प्रयोगशाळा लखलखत होती. ओटा घासलेला, नळ चकाकत होता, परीक्षानळ्या उलट्या घालून ठेवलेल्या. दारात रांगोळीसुद्धा होती. फक्त डालड्याचा डबा रिकामा होता, आणि तोही घासून चकचकीत केलेला.

"मावशी, डब्यातला कीस कुठाय?"

मावशी आल्या. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याचं गाठोडं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बिनसल्याचं दिसत होतं. त्यांनी ओट्यावर गाठ सोडली. आत विटकरी रंगाचा भुगा होता, त्यात गोळे, ढेकळं.

"बाई, रागावू नका," मावशी म्हणाल्या. "मना वाटला, साहेब येनार, यो काला तेलकट कीस बगून काय म्हनंल? शालेत घान ठेवतात म्हनंल. म्हनून शनवारी घरी नेला. सोडा टाकून धुतला, राख लावून घासला, त्याल सगला काढला. मंग सुकवाला घातला, सुकटीच्या बाजूला. सकाली बगते त लाल. मना वाटला, आतली घान वर येतेय. परत धुतला. त आनखी लाल. जितका धुतला, बाई, तितका लालच होत गेला."

"पाणी कुठलं घेतलंत?"

"हिरीचा. नलाला पानी कवा येतं शनवारी?"

गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, खाडीजवळच्या विहिरींचं असतं तसं खारट. तेल काढून उघडा केलेला लोखंडाचा बारीक कीस, खारं पाणी, वर मोकळी हवा, रात्रीचं दव, आणि पुन्हा खारं पाणी. जगात लोखंडाला गंज चढवायची याहून पक्की रीत नसेल. पुस्तकात लिहून ठेवावी अशी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी ओरडले. चांगलीच ओरडले. शिकलेल्या माणसाचा राग कसा असतो ते मावशींनी त्या दिवशी पाहिलं. "विचारायचं तरी! तो तेलकट होता म्हणून तर जिवंत होता! सुकट आहे का ती, धुवून वाळवायला?" माझा आवाज ऐकून हेडसर आले, ओट्यावरचं बघितलं, आणि तिथल्याच स्टुलावर बसले. "कळंबोली?" ते क्षीण आवाजात म्हणाले. साहेब अकराला येणार होते. बसने जाऊन परत यायला दुपार उलटली असती.

मावशी पदराचं टोक हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे माज्या पोरीची आठवी मीच धुतली?"

ते ऐकलं आणि माझा राग सर्रकन उतरला. मला एकदम माझी आई आठवली. मी पहिल्यांदा कॉलेजला निघाले तेव्हा तिने माझं प्रवेशाचं पाकीट जपून ठेवायचं म्हणून पिठाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे घर उलथंपालथं करत होतो. आईच्या जपण्याला शास्त्र माहीत नसतं. मी मावशींना म्हटलं, "अजून नाही धुतली. चहा टाका." आणि खलबत्ता मागवला.

ढेकळं कुटायला घेतली. बाहेरचा लाल थर भुगा होऊन पडला, आणि आतून इथे तिथे काळपट, चमकणारे कण निघाले. मोठ्या किसाच्या पोटात लोखंड अजून शाबूत होतं. मी चुंबक फिरवलं. टक टक करत ते कण वर आले, लाल भुगा खाली राहिला. मी पुन्हा फिरवलं, भुग्याच्या अगदी जवळ नेलं. भुगा जवळजवळ तसाच पडून राहिला.

मी वेड्यासारखी हसायला लागले. सर घाबरून उठले. त्यांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. "सर," मी म्हटलं, "गंज म्हणजे काय हो? लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी यांचं संयुग! मावशींनी रविवारी घरी बसून संयुग तयार केलंय. आणि ह्या गाठोड्यात लोखंड आणि गंज यांचं मिश्रण आहे. गंधकाची गरजच काय?"

सरांनी चुंबक स्वतः एकदा भुग्यावरून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "साहेबांना हे सांगायचं की लपवायचं?"

"सांगायचं."

"मग तुम्हीच सांगा. मी ऑफिसात असेन."

साहेब अकराला आले. उंच, सफारी घातलेले, कमी बोलणारे. त्यांनी पटसंख्या बघितली, वर्ग बघितले, मग प्रयोगशाळेच्या दारात थांबले. कडाप्प्याच्या ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "इथे आधी फोडणी होत असणार." सरांनी खोकून घेतलं. मला वाटलं, संपलं.

मी सातवीला ओट्याभोवती उभं केलं. सगळे मावले नाहीत म्हणून काही मुलं दारात, काही खिडकीबाहेर. साहेबांना खुर्ची दिली, ओट्याच्या टोकाला. आणि मी जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. कळंबोली, तेल, मावशी, सोडा, राख, विहीर, सुकट. मुलं हसू दाबत होती. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची जरा पुढे घेतली. मी खलबत्त्यातला भुगा कागदावर पसरला आणि चुंबक साहेबांच्याच हातात दिलं. त्यांनी फिरवलं. कण वर उडाले. "आता हे लोखंड वेगळं झालं," मी मुलांना म्हटलं, "कारण ते गंजाबरोबर नुसतं एकत्र राहत होतं. पण ह्या लाल भुग्यातसुद्धा लोखंड आहे. साहेब, ते काढून दाखवा." साहेबांनी दोनदा चुंबक फिरवलं, तिसऱ्यांदा अगदी टेकवलं. मग म्हणाले, "येत नाही."

"का येत नाही?" मी वर्गाला विचारलं.

"संयुग झालंय!" सगळे ओरडले. खिडकीबाहेरची सहावीसुद्धा ओरडली. तिला तो धडा अजून नव्हता.

साहेबांना आता रंग चढला. चुंबक हातातच ठेवून त्यांनी मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. "पुस्तकातलं नको. आपापल्या घरातलं उदाहरण द्या. मिश्रण?" एकाने भेळ सांगितली. एकीने सांगितलं, तांदूळ आणि खडे. एक मुलगा म्हणाला, आमची सोसायटी, कारण कुणाचं कुणाशी जमत नाही. ह्यावर साहेब पहिल्यांदा हसले.

"आणि असं काही सांगा, जे आज मिश्रण आहे पण उद्या संयुग होऊ शकतं?"

हा अवघड प्रश्न होता. मी मनात म्हटलं, कुणीतरी दुधाचं दही म्हणणार आणि गाडी घसरणार. मग मुलींच्या घोळक्यातून मावशींच्या मुलीने हात वर केला. मी मान हलवली. ती दोन्ही वेण्या मागे टाकून नीट उभी राहिली.

"साहेब, माज्या लग्नाची बोलनी चालू हायेत," ती म्हणाली. "ते आज मिश्रन हाय. शिमग्यानंतर साखरपुडा हाय, मंग ते घट्ट व्हयाला लागंल. लगीन लागला का संयुग. आता सोडवला त सुटंल."

कुणी हसलं नाही. त्याच वेळी मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थबकल्या. माझे कान गरम झाले. माझंच उदाहरण होतं, हसायला म्हणून दिलेलं, आणि ह्या पोरीने ते कसं जपून ठेवलं होतं, नि कुठे नेऊन लावलं होतं! मला तिचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. मी ते गंधकाच्या पुडीवर ढकलणार होते, पण पुडी तर त्या दिवशी उघडलीच नव्हती.

साहेबांनी तिच्याकडे वळून अगदी वर्गात विचारतात तसं विचारलं, "कशानं सुटेल, बाळ?"

"आठवीनं," ती म्हणाली, आणि खाली बसायला गेली, पण बाक नव्हता, म्हणून तशीच उभी राहिली.

साहेबांनी चहा घेतला. मावशींकडे बघून म्हणाले, "कीस तुम्हीच धुतलात का?" मावशींनी मान खाली घालून हो म्हटलं. "स्वच्छ धुतलात," ते म्हणाले. मग सरांबरोबर ऑफिसात गेले, कागदांवर सह्या झाल्या, आणि ते जीपकडे निघाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमचं एकुलतं एक लोहचुंबक ओट्यावर नाही. सरांना सांगावं की नको अशी माझी घालमेल चालली होती, तेवढ्यात साहेबच फाटकातून परत येताना दिसले. त्यांनी विचारांच्या नादात चुंबक सफारीच्या खिशात टाकलं होतं आणि ते त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला जाऊन चिकटलं होतं. त्यांनी ते ओढून सोडवलं. मी हात पुढे केला, पण ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि चुंबक त्या मुलीच्या हातात दिलं.

"नीट ठेव," ते म्हणाले. "आठवीला लागेल."

जीप वळणाआड गेली. मग हेडसरांनी रुळाच्या तुकड्यावर स्वतः घंटा दिली, वेळ झाली नव्हती तरी, आणि शाळा सोडून दिली. मावशी मात्र घरी गेल्या नाहीत. त्यांनी ओटा पुन्हा घासला.

परवानगीचा कागद शिमग्याच्या आधी आला. नैसर्गिक वाढ, म्हणजे सातवीला जोडून आठवी, मंजूर, अट एवढीच की वर्षभरात प्रयोगशाळेसाठी वेगळी खोली करावी. मावशींच्या यजमानांनी शब्द पाळला. ते आणि मावशी शेजारच्या गावात जाऊन नारळ परत देऊन आले. तिथली माणसंही समजूतदार निघाली, म्हणाली, शिकू द्या पोरीला, आमच्या मुलाचंही वय कुठे जातंय. शिमग्याला मावशींनी मला घरी बोलावून कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या आणि तो नारळ गेल्याच्या आनंदात दुसरा फोडला.

तो लाल भुगा मी फेकला नाही. एका बाटलीत भरून, वर "गंज, संयुग, सारसोळे" अशी चिठ्ठी लावून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. जूनमध्ये आठवी सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या मुलीने बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, यातला लोखंड परत कधीच निंगत नाय का?"

"निघतं," मी म्हटलं. "पण चुंबकाने नाही. कोळशाबरोबर मोठ्या भट्टीत घालावं लागतं, प्रचंड तापवावं लागतं. फार त्रास असतो."

मावशी मागे कपबश्या गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली.

"मंग नको," त्या म्हणाल्या. "आपन आधीच सोडवला, ता बरा जाला." आणि कपबश्या घेऊन विसळायला निघून गेल्या.